ऑल्डन ब्रुअरीचं नाक

"सांग," हॅम्ब्लिनसाहेब म्हणाले आणि त्यांनी बिअरचा ग्लास माझ्या हातात दिला.

सकाळचे साडेसात झाले होते. नमुन्यांच्या खोलीत अजून बॉयलरची ऊब पोचली नव्हती. मी ग्लास उजेडाकडे धरला, फिरवला, नाक आत घातलं, एक घोट तोंडात घोळवला आणि मोरीत थुंकला.

"लोण्याचा वास आहे. पुसट, पण आहे. अजून दोन दिवस टाकीतच राहू दे."

"मलाही तसंच वाटलं," असं म्हणून त्यांनी वहीत नोंद केली.

त्यांना तसं काहीही वाटलेलं नव्हतं. ते मला फेब्रुवारीतच कळून चुकलं होतं. त्या महिन्यात याच खोलीतल्या कपाटामागे एक मोठा उंदीर मरून पडला होता. पिंपं भरणारी माणसं नाकाला रुमाल लावून दारातूनच माघारी फिरत होती, आणि हॅम्ब्लिनसाहेब कपाटाला टेकून निवांत चीज सँडविच खात होते. "काय झालंय सगळ्यांना?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, सँडविच कागदात गुंडाळलं आणि ठेवून दिलं. त्यानंतर एक अक्षरही न बोलता आमचं ठरून गेलं. रोज सकाळी ते ग्लास भरणार, मी सांगणार आणि त्यांना तसंच वाटणार.

ही १९७२ सालची गोष्ट. मी रघुवीर नाबर, मूळचा वेंगुर्ल्याचा. मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, इंग्लंडला गेलो, आणि चार ठिकाणी नकार पचवल्यावर नोकरी मिळाली ती वेल्सच्या सीमेजवळच्या मेल्डफर्ड गावात, ऑल्डन ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे एक खिडकी, एक सूक्ष्मदर्शक आणि मी. घरी मी औषधांच्या कारखान्यात असल्याचं कळवलं होतं. गावात माझं आडनाव कुणाला धड घेता येईना, बघता बघता नाबरचं 'नेबर' झालं. अख्ख्या गावात मी एकटाच भारतीय माणूस, आणि वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला शेजारी म्हणत.

तेव्हा इंग्लंडात अशा गावच्या ब्रुअऱ्या पुष्कळ होत्या, पण वर्षागणिक कमी होत चालल्या होत्या. मोठ्या कंपन्या येत, ब्रुअरी तिच्या पबांसकट विकत घेत, भट्ट्या बंद करत, आणि पबांमधून आपली बिअर विकायला लागत. ती बिअर गाळलेली, तापवून निर्जीव केलेली, वायू भरून पत्र्याच्या पिंपात कोंडलेली. कुठल्याही गावात प्या, चव तीच. आमची तशी नव्हती. ऑल्डनच्या पिंपातलं यीस्ट पब गाठेपर्यंत काम करत असायचं आणि उरलेलं आंबणं तिथल्या तळघरात पुरं व्हायचं. त्यामुळे ती चांगली असली तर फार चांगली असायची, आणि बिघडली तर पार बिघडायची. कुठली बाहेर सोडायची आणि कुठली थांबवायची हे ठरवायचं काम मुख्य ब्रुअरचं, म्हणजे सिरिल हॅम्ब्लिन यांचं. सदतीस वर्षं ते हेच करत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, त्याच हिवाळ्यात त्यांना जबर फ्लू झाला. ताप उतरला, पण नाक परत आलं नाही.

गावात रविवार फार जड जायचा. दुकानं बंद, रस्ते ओस. मी मिसेस प्राइस नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. त्या भल्या होत्या, पण कानाने कमी. शुक्रवारी संध्याकाळी सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून 'थँक यू' आणि 'गुड नाइट' यांपलीकडे शब्द निघत नसे. म्हणून यीस्ट बघायचं निमित्त काढून मी रविवारी दुपारी ब्रुअरीत जाऊ लागलो. दोन-तीन आठवड्यांनी लक्षात आलं की हॅम्ब्लिनसाहेबही असंच काही निमित्त काढून येतात. मग आम्ही आंबवण्याच्या मोठ्या हौदांपाशी दोन खोक्यांवर बसून चहा प्यायचो.

अशाच एका रविवारी त्यांनी हौदाकडे हनुवटी केली. "आज कसा येतोय?"

"काय?"

"वास. मला तू 'ठीक आहे, ठीक नाही' एवढंच सांगतोस. कसा येतोय ते सांग."

आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ते उघड कबूल केलं होतं. मी उठलो, फेसावर वाकलो. कसा येतोय ते मला नेमकं ठाऊक होतं, पण इंग्रजीत सांगता येईना. शेवटी म्हणालो, "आमच्याकडे आंबोळी करतात. तांदूळ आणि उडीद वाटून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी आई झाकण काढते तेव्हा येतो तसा. आंबट, पण चांगला आंबट. भूक लागते."

"आंबोळी," ते म्हणाले. त्यांनी शब्द दोनदा घोळवला आणि खिशातली पेन्सिल काढून वहीत त्या दिवसाच्या नोंदीपुढे लिहिला. त्यानंतर यीस्ट छान उतरलं की मी "आंबोळी" म्हणायचो आणि ते तसं लिहायचे. लवंगेचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, रॉकेलच्या बत्तीचा वास, असं एकेक मी त्यांना सांगत गेलो आणि ते मान हलवत ऐकत गेले. त्या गावात मी सलग चार वाक्यं बोललो असेन तर ती एवढीच.

नोव्हेंबरात दिवाळी आली. बर्मिंगहॅमला सामंत म्हणून एक कुटुंब होतं, कॉलेजातल्या मित्राच्या ओळखीचं. त्यांनी पत्र लिहून बोलावलं. मी चार दिवसांची रजा मागितली.

"जा की," हॅम्ब्लिनसाहेब म्हणाले. "सणाला माणसाने आपल्या माणसांत असावं."

"पण इथलं..."

"चार दिवसांत काय होतंय?"

मी गेलो. सामंतांच्या घरी चकलीचा घाणा चालू होता, पोरं भांडत होती, कोणीतरी मुंबईच्या क्रिकेटवर तावातावाने बोलत होतं. मी जो बोलायला लागलो तो थांबेचना. चौथ्या दिवशी निघताना माझा घसा पार बसला होता. सामंतवहिनी काळजीने म्हणाल्या, "हवा बाधली वाटतं तुम्हाला." मी हो म्हटलं. खरं सांगायची लाज वाटली. सामंत स्वतः एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. ती कंपनी बिअरच करायची, आमच्यासारख्या ब्रुअऱ्या गिळणाऱ्यांपैकी एक. ते म्हणाले, "अर्ज टाक. जागा आहे. इथे ये, काय त्या जंगलात पडलायस." मी निघण्याआधी अर्ज लिहून त्यांच्याच हातात दिला.

मेल्डफर्डला परत आलो तर ब्रुअरीच्या अंगणात पिंपं उभी होती. भरलेली, परत आलेली. चाळीसेक असतील. एका पिंपाचं बूच सैल करून नाक लावलं. घरातलं लोणचं नासावं तसा वास होता. चार दिवसांपूर्वी, मी नसताना, हॅम्ब्लिनसाहेबांनी स्वतःच्या सहीने ती पबांमध्ये पाठवली होती.

ते नमुन्यांच्या खोलीत बसले होते. टेबलावर एक ग्लास होता.

"मी पाहिला उजेडात धरून," ते म्हणाले. "स्वच्छ होता. रंग चांगला होता."

"नळी धुतली गेली नसेल, असं सांगू," मी म्हणालो. "मी लिहून देतो. प्रयोगशाळेची चूक."

"तू इथे नव्हतास."

"म्हणूनच झाली, असं म्हणू."

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून होती की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मिस ऑल्डननी बैठक बोलावली. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, ब्रुअरीच्या आवाराला लागून असलेल्या मोठ्या घरात एकट्या राहायच्या आणि रोज दहा वाजता छत्री टेकत अंगणातून फेरी मारायच्या. निर्णय त्यांच्या हातात होता. त्यांचा पुतण्या ज्युलियन लंडनहून आला होता. तो वकील होता आणि ब्रुअरी विकावी म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. एका मोठ्या कंपनीची मागणी आली होती, सामंतांच्याच कंपनीची. त्या योगायोगाची मला तेव्हा भीतीच वाटली. नमुने आणि नोंदी दाखवायला मला बोलावलं होतं, म्हणून मी कोपऱ्यात उभा होतो.

ज्युलियन परत आलेल्या पिंपांबद्दल बोलला. फार कडवटपणे नाही, समजावल्यासारखा. मग मिस ऑल्डन म्हणाल्या, "सिरिल, तुझ्या शब्दावर मी आजवर विकायला नकार देत आले. एकच विचारते. अजून काही वर्षं बिअर नीट निघेल ना?"

मी पुढे झालो. "मॅडम, ती चूक प्रयोगशाळेची..."

"बस, नेबर," हॅम्ब्लिनसाहेब म्हणाले. ते खुर्चीतून उठले आणि हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. "मिस ऑल्डन, मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी सवयीवर काढली. या वर्षी जी चांगली बिअर निघाली ती सगळी याने पारखलेली आहे. जी वाईट निघाली ती मी."

ज्युलियनने मान खाली घातली. जिंकल्यासारखा तो दिसत नव्हता, हे मला आठवतं.

"मी आज जागा सोडतो," हॅम्ब्लिनसाहेब पुढे म्हणाले. "पण ब्रुअरी विकायचं कारण नाही. या माणसाला मुख्य ब्रुअर करा. कागदावरचं मी त्याला शिकवीन. याच्यासारखं नाक मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही."

मिस ऑल्डन माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी सभ्य कारण काढतील. पबवाले ऐकणार नाहीत, गावाला आवडणार नाही, असं काहीतरी. त्या काळी ते कारण खरंही ठरलं असतं. पण त्या म्हणाल्या, "मिस्टर नाबर," आणि आडनाव नीट उच्चारलं, "पबवाल्यांशी मी बोलेन. त्यांच्यातले निम्मे माझ्या वडिलांच्या हाताखाली होते, ते ऐकतील. पण मला माणूस दोन वर्षांसाठी नको. दहा वर्षं राहाल? तुम्ही हो म्हणालात तर मी आत्ता त्या कंपनीला नाही म्हणून कळवते. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

"मॅडम, मला..."

"चहा होईपर्यंत विचार करा."

मी अंगणात आलो. परत आलेल्या पिंपांच्या रांगेपाशी उभा राहिलो. दहा वर्षं. म्हणजे पाचशे रविवार. सत्ताविसाव्या वर्षी मुख्य ब्रुअर होणं म्हणजे काय, हे मला समजत होतं. माझ्या रंगाच्या माणसाला या देशात पुन्हा असं कोणी विचारणार नाही, हेही समजत होतं. आणि तरी डोळ्यांपुढे येत होता तो मिसेस प्राइसच्या घराचा जिना, त्यावरचा तपकिरी गालिचा आणि रविवारी दुपारचा त्या घरातला घड्याळाचा आवाज.

हॅम्ब्लिनसाहेब मागून आले.

"तुला आधी विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. "तिथे उभा राहिलो आणि तोंडून निघून गेलं."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

त्यांनी विचार केला. "माझा जन्मच इथला. मला हा प्रश्न कधी पडला नाही." मग म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून राहू नकोस. मी आता म्हातारा झालो. माझ्यासाठी राहिलास तर दोन-चार वर्षांत फसशील."

ते 'राहा' म्हणाले असते तर मी राहिलो असतो. ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते म्हणाले नाहीत.

मी आत गेलो. मिस ऑल्डन खिडकीशी होत्या. ज्युलियन बाहेर व्हरांड्यात सिगारेट ओढत होता.

"मला जमणार नाही, मॅडम."

"कारण विचारलं तर चालेल?"

कामाचं, तब्येतीचं, आईवडिलांचं, कुठलंही कारण सांगता आलं असतं. पण तोंडातून खरंच निघालं. "इथे मला बोलायला कोणी नाही."

त्या खिडकीकडून माझ्याकडे वळल्या.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माणसाला सवय होते." मग त्या टेबलाशी आल्या, चष्मा लावला आणि ज्युलियनला हाक मारली.

ब्रुअरी विकली गेली. सव्वा वर्षात भट्टी बंद झाली. पबांमध्ये पत्र्याची पिंपं आली. मी जानेवारीतच बर्मिंगहॅमला गेलो, सामंतांच्या शेजारच्या टेबलावर बसलो, आणि वायू भरलेल्या बिअरचे आकडे काढू लागलो. तिथे कुणाला वास विचारायची गरज नव्हती, ते काम यंत्रं करत. पुढे लग्न झालं. सुलभा आली, मुलगी झाली, गणपती झाले, नाटकं बसवली. मराठी बोलायला माणसं हवी होती, ती भरपूर मिळाली. आणि तरी त्या घोळक्यात कधीकधी मी गप्प होऊन जायचो. सुलभा विचारायची, "कुठे गेलात?"

हॅम्ब्लिनसाहेब बहिणीकडे समुद्रकाठी राहायला गेले. दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं, खाली एक ओळ असायची: इकडे बरं आहे, तुझं कसं चाललंय? मीही कार्ड पाठवायचो. गाडीने अडीच तासांचा रस्ता होता. या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं करत सात वर्षं गेली. आठव्या वर्षी कार्ड बहिणीच्या अक्षरात आलं.

आणि याच सात वर्षांत सगळं फिरलं. लोक त्या एकसारख्या बिअरला विटले. जिवंत बिअर वाचवायला माणसं एकत्र आली, सभा घेऊ लागली, चांगल्या पबांच्या याद्या छापू लागली. ज्या गावच्या ब्रुअऱ्या कशाबशा तग धरून होत्या त्यांच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा वळलं. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या गॅरेजमध्ये नव्या छोट्या ब्रुअऱ्या निघाल्या. आमच्या कंपनीच्या बैठकीत त्यांची चेष्टा व्हायची, मग चिंता व्हायला लागली. मी मनातल्या मनात हिशेब करायचो. आम्हाला फक्त चार वर्षं काढायला हवी होती. फार तर पाच.

सुलभा गेली त्याच्या पुढच्या वर्षी, २००९ साली, मी मेल्डफर्डला गेलो. मुलगी ऑस्ट्रेलियात होती, घरी करण्यासारखं काही नव्हतं. ऑल्डनच्या जागी घरं झाली होती. पण स्टेशनामागच्या जुन्या मालधक्क्यात एक छोटी ब्रुअरी निघाली होती. टेस नावाची पस्तिशीची बाई ती चालवत होती. तिने मला ग्लास भरून दिला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ऑल्डन ब्रुअरीचे जुने फोटो टांगले होते.

"माझे आजोबा तिथे पिंपं भरायचे," ती म्हणाली. "शंभर वर्षांची ब्रुअरी. म्हातारीने लोभापायी विकून टाकली. थोडी कळ काढली असती तर आज असती."

आजवर हे मी बऱ्याच जणांच्या तोंडून, लेखांतून, भाषणांतून ऐकलं होतं. दर वेळी गप्प राहिलो होतो.

"लोभापायी नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"त्यांनी एका माणसाला थांबशील का म्हणून विचारलं होतं. तो थांबला असता तर त्या विकणार नव्हत्या. तो नाही म्हणाला."

टेसने हातातलं फडकं खाली ठेवलं. "हे कोणीच सांगितलं नाही आम्हाला. मग गेली सदतीस वर्षं उगीचच शिव्या खाल्ल्या त्या बाईने." तिने फोटोंखालच्या कागदाकडे पाहिलं. "हे बदलायला हवं. त्या माणसाचं नाव माहीत आहे?"

मी नाव सांगितलं. तिने दोनदा विचारून ते लिहून घेतलं. मग पेन हातात तसंच धरून तिने वर बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे, बराच वेळ.

"आहेत का ते अजून?" तिने हळूच विचारलं.

"आहेत."

"राग नाही म्हणावं कुणाचा. आजोबांचाही नसता." तिने कागदाची घडी घातली. "त्यांना सांगा, कधीतरी रविवारी येऊन बसत जा. आम्ही उघडं ठेवतो."

"सांगतो," मी म्हटलं.